पिनअप स्टाईल, पण रोजची: नाशिकमध्ये सुरुवात करणाऱ्यांसाठी सगळी माहिती

गेली चार वर्षं मला लोक दोनच प्रश्न विचारतात, भाजी घेताना, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, लग्नात पंगतीला बसल्यावरसुद्धा. एक, असं चाळीस-पन्नासच्या दशकातल्या बायकांसारखं तयार व्हायला रोज किती वेळ लागतो, आणि दोन, असे कपडे नाशिकमध्ये मिळतात कुठे. वेळ लागतो पंचवीस मिनिटं. आणि कपडे मिळत नाहीत, शिवून घ्यावे लागतात. या दुसऱ्या उत्तरामुळेच हे सगळं लिहायला बसले, कारण सुरुवातीला मी परदेशी व्हिडिओ बघून बघून जे काही केलं त्यातलं निम्मं आपल्या हवेत, आपल्या केसांवर आणि आपल्या ॲक्टिव्हावर टिकतच नाही, आणि ते मला सांगणारं कोणी नव्हतं.

मी इंदिरानगरला राहते, ऑफिस कॉलेज रोडला, रोज स्कूटरने जाते-येते. त्यामुळे खाली जे सांगतेय ते फोटोशूटसाठी नाही, मंगळवारी सकाळी डबा भरून निघणाऱ्या बाईसाठी आहे.

काय काय जमवायचं

सगळं एकदम घेऊ नका, पण यादी हाताशी असू द्या:

- केसांच्या साध्या काळ्या पिना, दोन पाकिटं (एक पाकीट आठवड्यात गायब होतं, घरात कोण नेतं कळत नाही), थोडे आकडे, आणि केसांची जाळी
- बारीक शेपटीचा कंगवा आणि एक चांगला दाट ब्रश
- चौकोनी सुती स्कार्फ, साधारण २७-२८ इंचाचा
- एक लाल लिपस्टिक, त्याच रंगाची लिप पेन्सिल, वॉटरप्रूफ आयलायनर
- मोजपट्टी, आणि एक वही ज्यात तुमची मापं, टेलरला दिलेल्या सूचना आणि कापडाचे तुकडे टाचून ठेवायचे
- दोन-तीन जुने फोटो, घरातले असतील तर उत्तम
- ऐकून घेणारा टेलर. यादीतली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे.

१. आधी जमाना ठरवा

सगळ्यात पहिली चूक इथे होते. "विंटेज" म्हणून लोक वीस वर्षांतलं सगळं एकत्र घालतात आणि मग गॅदरिंगच्या नाटकातल्यासारखं दिसतं.

पिनअप म्हणजे मूळ अर्थाने भिंतीला टाचणीने लावायचं चित्र. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक बराकीत असे फोटो लावायचे, १९४१ मध्ये लाइफ मासिकात आलेला हॉलिवूडची नटी रिटा हेवर्थचा आणि १९४३ चा दुसरी नटी बेटी ग्रेबलचा खांद्यावरून मागे वळून बघणारा, हे दोन सगळ्यात गाजले. फोटोंच्या बरोबरीने चित्रकार होते, अल्बर्टो व्हार्गास, गिल एल्व्हग्रेन वगैरे, ज्यांच्या कॅलेंडरांमुळे ती गोबरी, हसरी, लाल ओठांची बाई सगळीकडे पोचली. ही चित्रं पुरुषांनी पुरुषांसाठी काढली हे खरंय, ते लपवायची गरज नाही. मला त्यातलं आवडतं ते एवढंच की ती बाई मजेत असते, सरळ तुमच्याकडे बघून हसते.

आता कामाची गोष्ट. युद्धात कापडाची टंचाई होती, ब्रिटनमध्ये तर १९४१ ते १९४९ कपडे रेशनवर मिळायचे, त्यामुळे चाळीसच्या दशकातला स्कर्ट अरुंद, गुडघ्यापर्यंतचा, खांदे उठावदार आणि केसांवर मात्र भरपूर काम, कारण केसांना रेशन नव्हतं. मग फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसला फॅशन डिझायनर ख्रिश्चन डिऑरने मोठ्ठ्या घेराचे, बारीक कमरेचे कपडे आणले आणि पन्नासचं दशक त्यावरच चाललं. तुम्ही रोज स्कूटर चालवत असाल तर सरळ सांगते, चाळीसपासून सुरू करा. कापड दीड मीटरमध्ये होतं, शिलाई कमी लागते, चाकात काही अडकत नाही. घेरवाला पन्नासचा थाट सुट्टीच्या दिवशी, किंवा रिक्षाने जायचं असेल तेव्हा.

तिसरा रस्ता आपला स्वतःचा आहे आणि नव्या मुलींना तोच माहीत नसतो. १९३८ मध्ये मास्टर विनायकांच्या 'ब्रह्मचारी' या मराठी सिनेमात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि तेव्हा केवढी खळबळ उडाली होती. लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या पहिल्या भारतीय तारका. मधुबालाचे फोटो १९५१ मध्ये लाइफच्या फोटोग्राफरने काढले. आणि कपडे करणाऱ्यांत भानू अथैया, कोल्हापूरच्या, पुढे १९८३ मध्ये ऑस्कर मिळालेल्या पहिल्या भारतीय. आणि नाशिककरांना तर हे सगळं परकं वाटायचं कारणच नाही, 'राजा हरिश्चंद्र'नंतर फाळक्यांनी आपलं बिऱ्हाड इथेच हलवलं, आणि त्यांच्या त्यानंतरच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या, तोवर बायकांची कामं पुरुषच करत होते.

२. दुकानात जाण्याआधी घरातली ट्रंक उघडा

माझ्या आजीच्या चार शिफॉनच्या साड्या होत्या, त्यातली एक आईने बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला. मला ते कळलं तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. आईचा काही दोष नाही, तिच्या लेखी त्या जुन्या साड्या होत्या. म्हणून सांगते, आज संध्याकाळीच आई, आत्या, मावशी सगळ्यांना फोन करून सांगून ठेवा की जुनं काहीही बोहारणीला द्यायच्या आधी मला दाखवा. ब्लाउज, पर्स, चष्म्याच्या फ्रेमा, मण्यांच्या माळा, काचेची बटणं, गंगावन (म्हणजे वेणीत घालायचे जोडकेस), सगळं. गंगावन तर टाकूच देऊ नका, केसांच्या पायरीला त्याचा काय उपयोग ते सांगते.

ट्रंकेबरोबर अल्बमही काढा. माझ्या मावशीआजीचा लग्नानंतरचा एक फोटो आहे, फुग्याच्या बाह्यांचं ब्लाउज, मधोमध भांग, कानावरून केसांची लाट. मी टेलरला आणि पार्लरमध्ये तोच दाखवते. परदेशी नटीचा फोटो दाखवला की समोरचा माणूस म्हणतो आपल्याकडे असं होत नाही, घरातल्या बाईचा दाखवला की तो म्हणतो हां, असं होय.

खरे जुने कपडे घालायचे असतील तर आधी उजेडासमोर धरून बघा. रेशीम घडीवर चिरत असेल तर ते अंगावर टिकणार नाही, त्याची किनार वापरा. नुसती वीण उसवली असेल तर रफू होतं.

३. कापड

मेन रोड, शालिमार, दहीपूल, कापडपेठेच्या गल्ल्या, एक पूर्ण दुपार ठेवा आणि शनिवार-रविवार टाळा. सुटं कापड आणि कटपीस दोन्ही बघा, चाळीसच्या स्कर्टला कटपीस पुरतो.

सुरुवातीला पॉपलिन किंवा जाडसर सुती घ्या. पातळ मलमल अंगासरशी बसते पण आकार धरत नाही. पॉलिस्टर क्रेप फोटोत फार सुंदर दिसतं आणि एप्रिलमध्ये दुपारी दोनला सीबीएसच्या सिग्नलला ते घालून उभं राहणं म्हणजे शिक्षा. रंग म्हणाल तर लाल, गडद निळा, बाटलीचा हिरवा, मोतिया पांढरा. ठिपके घ्यायचे तर वाटाण्याएवढे किंवा त्याहून लहान, मोठे ठिपके लांबून लहान मुलांच्या फ्रॉकसारखे दिसतात. बारीक चौकडा पण छान, आणि आपली इरकल किंवा खणाचं कापड तर या कटमध्ये इतकं शोभतं की बस.

किती घ्यायचं? पूर्ण गोल घेराच्या स्कर्टचा हिशेब एकदा समजून घ्या म्हणजे दुकानदार सांगेल तेवढं घ्यावं लागणार नाही. कंबर भागिले ६.२८ म्हणजे मधल्या गोलाची त्रिज्या. कंबर ३० इंच असेल तर साधारण पावणेपाच इंच. त्यात लांबी मिळवा, समजा २६, म्हणजे एकतीस इंचाच्या आसपास. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून दोन अर्धगोल निघतात, प्रत्येकाला बासष्ट इंच, दोन्ही मिळून सव्वातीन मीटर धरा, पट्टा आणि माया (शिलाईच्या आत सोडायचं जादा कापड) धरून साडेतीन. अर्धा घेर हवा असेल तर त्याच कमरेला दोन मीटरमध्ये काम होतं, आणि रोजच्या वापराला माझ्या मते अर्धा घेरच बरा.

सुती कापड शिवायला देण्याआधी पाण्यातून काढा. रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मग द्या. माझा पहिला ड्रेस पहिल्याच धुण्यात आखडला आणि कमरेचा हूक लागेना, तो मी एकदाच घातला.

४. टेलर

इथे थोडी थांबते कारण सगळा खेळ इथेच आहे. या कपड्यांचं सौंदर्य कापडात कमी आणि बसण्यात जास्त असतं.

पहिली अडचण कमरेची. आपल्याकडे पंजाबी ड्रेस आणि जीन्समुळे कंबर म्हणजे पोटाखाली अशी सवय झालीये, आणि जुन्या कपड्यांची कंबर बेंबीच्या वर असते. टेलरकडे जायच्या आधी घरी पोटाभोवती एक नाडी सैल बांधा आणि दोन्ही बाजूंना वाका, ती जिथे जाऊन बसेल ती तुमची खरी कंबर. तिथे पेनाने खूण करून जा. मास्तर हमखास खाली मोजतात, तेव्हा न लाजता सांगायचं, "मास्तर, कंबर इथे धरा." मी तीन टेलर बदलले. एकाने माझं कापड घेऊन दीड महिना ठेवलं आणि स्कर्टऐवजी अनारकलीचा घेर लावून दिला, कारण त्याच्या मते तेच चांगलं दिसतं. आता जे मास्तर आहेत ते परकर-पोलकी शिवून म्हातारे झालेत, आणि त्यांच्याशी बोलताना माझ्या लक्षात आलं की पन्नासचा ड्रेस म्हणजे शेवटी अंगाला बसणारं पोलकं आणि घेरदार परकर, कमरेत जोडलेले. त्यांना मी तसंच सांगितलं, पोलक्याला प्रिन्सेस कट, खाली परकराचा घेर पण कमरेत चुण्या नकोत, आणि त्यांनी पहिल्या फटक्यात बरोबर काढलं.

सांगायच्या गोष्टी वहीत लिहून न्या:

बाजूच्या शिलाईत एक इंच माया ठेवा म्हणावं, वजन कमीजास्त होतं, पुढे सैल करता येतो. चेन बाजूला, डावीकडे. अस्तर सुती, आणि बॉडीला तरी हवंच. खिसा, दोन्ही बाजूंना, मागितल्याशिवाय कोणी लावत नाही.

आणि घेराच्या स्कर्टसाठी सगळ्यात महत्त्वाचं, खालची पट्टी लगेच दुमडू देऊ नका. गोल कापलेल्या कापडात काही भाग उरेब, म्हणजे विणीला तिरका, येतो आणि तो आपल्या वजनाने खाली ओघळतो. स्कर्ट एक दिवस-रात्र हँगरला लटकवायचा, मग जमिनीपासून सारखं अंतर मोजून खाली कापायचं, आणि मग पट्टी. बहुतेक ठिकाणी हे करत नाहीत आणि दोन महिन्यांनी स्कर्ट एका बाजूने लांब दिसायला लागतो, मग आपल्याला वाटतं आपलीच कंबर वाकडी आहे.

पहिल्यांदा महागाचं कापड देऊच नका. मांजरपाटाचं एक शिवून घ्या, ते बसलं की त्याच मापाने पुढचं. मापाचा कपडा म्हणून तोच मास्तरांकडे ठेवून द्या.

कमर बारीक दिसावी म्हणून अंग आवळणारे पट्टे घेऊ नका, प्लीज. जेवल्यावर श्वास घ्यायला त्रास होतो आणि काही गरज नाही, चांगला कट असला की कुठल्याही अंगावर आकार येतो. मी एक्सेल मापाची आहे आणि हे कपडे मला जितके शोभतात तितके जीन्स-कुर्ते कधीच शोभले नव्हते.

५. केस

सगळ्यात आधी: केस कापू नका. व्हिडिओत सगळ्यांचे खांद्यापर्यंत असतात म्हणून मी जवळजवळ कापले होते. लांब केस असले तर पुढे रोल, मागे अंबाडा, अंबाड्याला जाळी आणि एक फूल. चाळीसच्या दशकात इकडेही आणि तिकडेही बायका जाळी वापरतच होत्या.

तेलाचं गणित नीट बसवा. तेल लावलेल्या केसांना आकार राहत नाही, आणि त्याच दिवशी धुतलेले केस पिनेतून निसटतात. शनिवारी रात्री खोबरेल, रविवारी न्हाणं, की सोमवारचे केस रोलसाठी अगदी नेमके तयार असतात.

व्हिक्टरी रोल असा करायचा. कपाळापासून कानापर्यंतचा एक भाग घ्या, मुळाशी कंगव्याने उलटं विंचरा म्हणजे आतून भर येईल, वरून ब्रशने हलकं गुळगुळीत करा, टोकापासून दोन बोटांवर आतल्या बाजूला गुंडाळत मुळापर्यंत या, बोटं काढा, आणि जी नळी तयार होते तिच्या आतून पिना लावा. बाहेरून पिन दिसता कामा नये. केस विरळ असतील तर इथे गंगावन कामाला येतं, त्याची छोटी गुंडाळी करून जाळीत घाला आणि तिच्यावर आपले केस गुंडाळा, रोल भरदार दिसतो. पहिले पंधरा दिवस दोन्ही बाजू सारख्या येणार नाहीत. म्हणून एकाच बाजूला करा, दुसरी बाजू नुसती कानामागे पिनेने, तीही त्या काळातलीच पद्धत आहे.

लाटा हव्या असतील तर पिन कर्ल. केस किंचित ओलसर, ओले नाही. इंचभर बट घ्यायची, टोकापासून बोटाभोवती गुंडाळत डोक्यापर्यंत आणायची, डोक्यावर चपटी बसवून दोन पिना फुली करून लावायच्या. सगळ्या बटा एकाच दिशेने गुंडाळा. वरून स्कार्फ, आणि झोप. केस टिकावेत म्हणून मी जवसाची जेल लावते, दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात उकळायचे, अंड्याच्या पांढऱ्यासारखं झालं की गरम असतानाच गाळायचं (गार झाल्यावर गाळलंच जात नाही), फ्रिजमध्ये आठवडाभर राहते.

सकाळी पिना काढल्यावर आरशात जे दिसेल त्याने घाबरू नका. डोक्यावर नुसत्या स्प्रिंगा असतात, आणि बहुतेक जणी इथेच हार मानून डोकं धुवून टाकतात. ब्रश घ्या आणि विंचरत राहा, पाच मिनिटं, अजून विंचरा, आधी केस फुलतात आणि मग हळूहळू एकमेकांत बसून लाट तयार होते. केस आतून दमट राहिले असतील तर मात्र काहीच होणार नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पिन कर्लच्या नादी लागू नका, तेव्हा रोल आणि अंबाडा.

घाईच्या दिवशी स्कार्फ. युद्धात कारखान्यात काम करणाऱ्या बायका केस मशीनमध्ये जाऊ नयेत म्हणून डोक्याला रुमाल बांधायच्या, पुढे कपाळावर गाठ. आपल्याकडे प्रत्येकीच्या डिकीत स्कार्फ असतोच, तोंड बांधायला. तोच त्रिकोणी घडी करून मानेखालून वर घ्या, कपाळाच्या वर गाठ मारा, टोकं आत खोचा. तीन मिनिटं.

साधना कट, म्हणजे नटी साधनासारखी कपाळावर आखूड बट, हवा असेल तर एक सूचना, कपाळावर बट कापायच्या आधी आठवडाभर विचार करा, ती वाढायला महिनोन्महिने जातात.

६. ओठ आणि डोळे

लाल रंग एक नसतो. गव्हाळ आणि सावळ्या रंगावर थोडा निळसर किंवा विटकरीकडे झुकणारा गडद लाल सुरेख दिसतो, फार नारिंगी लाल तरंगल्यासारखा वाटतो. दुकानात मनगटावर नको, बोटाच्या टोकावर लावून बघा, तिथला रंग ओठांच्या जवळचा असतो, आणि बाहेर उजेडात येऊन बघा. दुकानातली ताई "तुमच्या रंगाला लाल नको, हा गुलाबी घ्या" असं म्हणेल, मला दोन ठिकाणी म्हणाल्यात, तेव्हा शांतपणे लालच मागायची. लॅक्मे १९५२ मध्ये सुरू झाली ती भारतीय बायकांना आपल्याच देशात सौंदर्यप्रसाधनं मिळावीत म्हणून, आणि आज तर साध्या कंपनीतही दहा लाल मिळतात.

पेन्सिलने कडा आखा, आत भरा, लिपस्टिक, टिश्यू दाबून घ्या, टिश्यू ओठांवर ठेवूनच वरून थोडी पावडर, मग परत एक हात. चहाला टिकते. मिसळीला टिकत नाही, कुठलीच टिकत नाही, तर्रीचं तेल सगळ्या लिपस्टिका विरघळवतं. मिसळीचा बेत असेल त्या दिवशी लिपस्टिक पर्समध्ये ठेवा, खाऊन तोंड धुवा आणि मग लावा.

लायनरचं शेपूट खालच्या पापणीची रेघ पुढे वाढवली तर जिथे जाईल त्या दिशेने काढायचं, भुवईच्या टोकाकडे. स्कूटरवर वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येतं, त्यामुळे खालच्या पापणीत काजळ घालू नका, दुपारपर्यंत गालावर येतं.

७. साडीवर

ज्यांना स्कर्ट घालायचाच नाही त्यांनी हे वाचा. साडीतही पूर्ण थाट होतो आणि तो ब्लाउजवर ठरतो. कटोरी कट, बोट नेक किंवा पुढे बंद गळा, बाही कोपराच्या जरा वर किंवा फुग्याची, लांबी कमरेपर्यंत नाही पण आजच्यापेक्षा दोन बोटं जास्त. टू बाय टू रुबियाचं प्लेन ब्लाउज आणि साधी ठिपक्यांची किंवा एकरंगी साडी, पदर एकाच चुणीत सोडलेला. येवल्याची पैठणी कपाटात असेल तर तिच्याबरोबर भरजरी ब्लाउज न घालता काळं रुबियाचं घालून बघा, काठ आणि पदर एकदम उठून दिसतात. पायात दोन इंचाची जाड टाच, पेन्सिल हील आपल्या रस्त्यांवर नको.

८. स्कूटर, हेल्मेट, हवा

हेल्मेट घालायचंच, केसांसाठी काढून हँडलला लटकवू नका. मी घरून मागचा अंबाडा मानेवर खाली घालून निघते, पुढची बट नुसती चपटी पिनेने बसवलेली, आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये चार पिनांत पुढचा रोल करते. एवढ्यासाठी पर्समध्ये कंगवा आणि पिनांची डबी कायम. घेरदार स्कर्ट असेल तर बसताना दोन्ही बाजू मांडीखाली घट्ट दाबून घ्या आणि आत सायकलिंग शॉर्ट, आणि मागे बसणार असाल तर घेर पुढे घेऊन मांडीवर धरा, चाकाकडे काहीही लोंबता कामा नये. साडीचंही तसंच.

थंडी हा आपला खास मोसम आहे. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा १० च्या खाली येतो आणि मुंबईकरणींना जे स्वेटर घालताच येत नाहीत ते आपल्याला घालता येतात. आखूड, कमरेपर्यंतचा, पुढे बटणांचा, अंगासरसा विणलेला स्वेटर. घरात कोणाला विणता येत असेल तर तिच्याकडून करून घ्या.

९. लोक

पहिला आठवडा सगळे विचारणार. "काय गं, आज काय विशेष?" "काही नाही काकू, बुधवार आहे." तिसऱ्या आठवड्यात विचारणं बंद होतं, आणि साधे कपडे घालून गेलात तर उलट विचारतात की बरं नाही का. एकदम डोक्यापासून पायापर्यंत सुरू करू नका, आधी महिनाभर फक्त केस, मग लिपस्टिक, मग कपडे, तुम्हालाही सवय होते आणि घरच्यांनाही. ऑफिसात नियम असतील तर केस आणि ब्लाउजवर कोणाचा आक्षेप नसतो. रस्त्यावर कोणी काही बोललं तर त्याचं खापर स्कर्टवर फोडू नका, मला पंजाबी ड्रेसमध्येही तेवढंच ऐकावं लागलंय.

१०. जपणूक

शिफॉन आणि जुनं रेशीम हँगरला लावू नका, वजनाने ताणतं. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवा, दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेघेवर घाला, जरीला डांबरगोळी लागू देऊ नका. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये सगळं एक दिवस सावलीत वाऱ्यावर.

आणि प्रत्येक घडीत एक चिठ्ठी ठेवा, ही कोणाची, साधारण कधीची, कुठे घेतली, कोणत्या कार्यात नेसली होती. आत्ता विचारलं तर सांगणारी माणसं आहेत. आजीच्या उरलेल्या तीन शिफॉनमधल्या चिठ्ठ्या आईनेच लिहून दिल्यात, आणि एकीवर तिने चौथ्या साडीचा रंगही लिहिलाय, फिकट मोरपंखी, पांढरी बारीक फुलं.